खाली लागलेला आरसा

बसा हो ड्रायव्हरसाहेब, गाडी भरायला अजून तास-दीड तास जाणारच. आमच्या क्रेनचं तसंच आहे, दुपारनंतर तिचं अंग दुखतं. इथं सावलीला फळ्यांवर टेका, खिळे तेवढे बघून. मघाशी तुमच्या केबिनमध्ये डोकावलो तर आरशाला लाल हेअरबँड लटकलेला दिसला. पोरीचा ना? किती वर्षांची? नऊ. हं. मग तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. फार मोठी नाही. कुणी मरत नाही त्यात. एका माणसानं नातीसाठी कपाट केलं आणि त्याचा आरसा सात इंच खाली लावला, एवढंच. पण गाडी भरेपर्यंत पुरेल. आणि शेवटी माझं तुमच्याकडं एक काम आहे, तेही आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्यानं गोड बोलून गळ्यात मारलं.

तो बघा, तिकडं तिसऱ्या बाकावर, चष्म्याला दोरी बांधलेला. वर बघणार नाही तो, बिनधास्त बघा. त्याला सगळे दोनबोटे म्हणतात. नवीन आलेल्यांना वाटतं आडनाव आहे. एका साहेबानं तर पगाराच्या कागदावर तसंच लिहिलं होतं, मग केवढा घोळ. ते नाव पडलं त्याच्या हिशेबामुळं. यंत्राचं खोकं करताना आतलं माप मालापेक्षा दोन बोटं जास्त ठेवायचं, हा त्याचा कायदा. मालाला श्वास घेता आला पाहिजे पण लोळता येता कामा नये, असं तो म्हणतो. आणि गंमत अशी की माल तो बघतच नाही. वरून कागद येतो, लांबी इतकी, रुंदी इतकी, उंची इतकी. यंत्र कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यात अजून बनतंय आणि इकडं ह्याचं खोकं तयार. यंत्र येतं, बसतं, बरोब्बर बसतं, मी वर काळ्या रंगानं बाण काढतो, कुठली बाजू वर ते कळायला, आणि माल निघून जातो. तोवर हा पुढच्या खोक्यात डोकं घालून बसलेला. पस्तीस वर्षं असंच. न बघितलेल्या वस्तूंची घरं बांधायची. कागदावरच्या आकड्यावर ह्या माणसाचा जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही, आणि स्वतःवर तर अजिबात नाही.

तर त्या दिवशी सुट्टी होती, दुपारचे तीन-साडेतीन. दोनबोटेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आतल्या खोलीत, नवंकोरं कपाट उभं. लाकडाचा वास अजून उतरला नव्हता. कपाटासमोर त्याची नात. तिला तो भिंगरी म्हणायचा, कारण चालायला लागल्यापासून अंगावर काही नवं चढवलं की ती स्वतःभोवती फिरायची, झगा फुलून ताटाएवढा होईस्तोवर. अडीच वर्षांनी आली होती. डोक्यावर त्यानं केलेला मुकुट, खांद्यावर तिच्या वारलेल्या आजीची लाल शाल, पायात आजीच्याच जुन्या सपाता. दारावरच्या आरशापुढं उभी राहिली. आता फिरेल, मग फिरेल म्हणून हा बघतोय. ती फिरलीच नाही. जरा वेळानं म्हणाली, "ह्याच्यात माझं डोकं नाहीये." दोनबोटेला वाटलं, चेष्टा करतेय. हसला. हसत हसत मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं आरशात बघितलं. लाल शाल दिसत होती, शालीची गाठ, झगा, गुडघे, सपाता. गळ्याच्या वर थेट लाकूड. आणि मागं एक पट्टा, पट्ट्याचं बक्कल, विजारीला लागलेला सरसाचा डाग. दोन माणसं उभी आणि दोघांनाही तोंड नाही. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "वाक की जरा." पोर वाकली. शहाण्यासारखी वाकली, फोटोवाला सांगतो तेव्हा वाकतात तशी. म्हणाली, "दिसलं. छान आहे. तुम्ही केलंत सगळं?"

तुम्ही. आरसा राहिला बाजूला, त्याला लागलं ते हे. ही पोर त्याला अरे-तुरे करायची. आबा तू बस, आबा तू घोडा हो, आबा तुझ्या कानातले केस काप. तिची आई रागवायची, मोठ्या माणसाला असं म्हणतात का, आणि हा म्हणायचा, म्हणू दे गं, मला कोण म्हणतंय नाहीतरी. आता पोर शाळेत शिकली होती, की कुणी शिकवलं होतं, की आपोआपच? अडीच वर्षं न भेटलेल्या माणसाला तुम्हीच म्हणायचं असतं, हे लेकरांना कोण सांगतं? तो उभ्या उभ्या विचार करत राहिला. आरशातल्या त्या दोन बिनडोक्याच्या माणसांना काय वाटत असेल, असंही त्याच्या मनात आलं. मला सांगताना म्हणाला, माझी मान खरंच नसल्यासारखी वाटत होती रे, हात लावून बघावा की काय.

चूक कुठं झाली ते त्याला तेव्हाच कळलं होतं. पण कळणं आणि मानणं ह्यात अंतर असतं. महिनाभर आधी सुनेचा फोन आला होता. सून म्हणजे आता सून नाही, कागदावर सुटलेली. पोरगा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईबरोबर, वर्षाकाठी एखादा फोन करतो, तोही जुनी कागदपत्रं कुठं आहेत विचारायला. पण सून अजून बाबाच म्हणते. फोनवर म्हणाली, "बाबा, मला लांबची बदली मिळालीय. जायच्या आधी एक दिवस पोरीला आणते. ती विचारत होती, पिवळा डबा अजून आहे का." एवढंच. दोनबोटेनं फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. पोरीला आठवतंय. काय आठवतंय? डबा. मग डब्यापेक्षा मोठं काहीतरी करू, असं करू की पोरीचं मन इथं अडकलं पाहिजे, कितीही लांब गेली तरी म्हणाली पाहिजे, आई, आबाकडं जाऊ. त्याच्या आयुष्यातलं एकच शिल्लक राहिलेलं माणूस हातातून निघालं होतं, आणि त्याला अडवायला त्याच्यापाशी फळ्या होत्या. दुसरं काय असणार?

कारखान्यात मोडीत निघालेल्या फळ्या मागून घेतल्या, गाठी नसलेल्या. रोज संध्याकाळी घरी रंधा मारायचा. कपाटात खाली झगे, पंख, शाली टांगायला खुंट्या. खुंट्या कशाच्या, तर फरशी पुसायच्या जुन्या दांड्याचे तुकडे, टोकं घासून गोल केलेली, पोरीच्या हाताला टोचू नयेत म्हणून. वर एक फळी. फळीवर पुठ्ठ्याची जाड नळी आडवी बसवली, आमच्याकडं कागदाच्या गुंडाळीतून निघते ती, तिला मखमली तुकडा चिकटवला, हेअरबँड ओळीनं चढवायला. एका चौकटीत रुंद फिती ताणून बसवल्या, त्यांना क्लिपा लावायच्या. माळांचा गुंता होऊ नये म्हणून पितळी आकडे, एकमेकांपासून चार बोटांवर. अंगठ्यांसाठी स्पंजाच्या पट्टीला चिरा दिलेल्या. मुकुट केला खोकी आवळायच्या पत्र्याच्या पट्टीचा, पकडीनं टोकं वळवून वळवून. त्याच्या कडा बोट कापतात म्हणून तो घेऊन गेला खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीकडं. ती तोंडाची फटकळ. मुकुट बघून म्हणाली, "हे काय, लग्न ठरलं का काय तुमचं? ह्या वयात?"

"नातीचा आहे. कडांना कापड शिवून दे."

"येणारे नात? अगं बाई! मग झगेबिगे आणा, वाढवून देते. माप काय?"

"माप आहे माझ्याकडं."

"कधीचं?"

त्यानं मुकुट तिच्यापुढं सरकवला. शिलाईवालीनं दोरा दातानं तोडला, सुईत ओवला आणि म्हणाली, "माझ्या पुतणीचे दोन वर्षांत तीन झगे उसवून सोडले मी. पोरं म्हणजे तुमची खोक्यातली यंत्रं नव्हेत, सुतारभाऊ, ठेवली तशी राहायला."

"तू कडा शिव," तो म्हणाला.

माप होतं स्वयंपाकघराच्या चौकटीवर. सुताराच्या चपट्या पेन्सिलनं मारलेली एक रेघ, जमिनीपासून तीन फूट चार इंच. पोर जायच्या आदल्या आठवड्यात तिला चौकटीला टेकवून, डोक्यावर हातातली फळी आडवी धरून मारलेली. रेघेला तारीख नव्हती. खोक्याच्या मापाला तारीख लागत नाही. महिनाभर रोज तो त्या रेघेपाशी टेप घेऊन जायचा आणि रोज रेघ तेवढीच असायची. तिच्यावरून खुंट्या ठरल्या, फळी ठरली, आरशाची वरची कड ठरली, वर थोडी जागा ठेवून. अडीच वर्षं तो सकाळ-संध्याकाळ त्या चौकटीतून जात होता, चहा घेऊन, ताट घेऊन, आणि पोर तिथं तेवढीच उभी होती. ती तिकडं दुसऱ्या घरात, दुसऱ्या चौकटीपाशी वाढतेय, असं डोक्यात आलंच नव्हतं का? आलं असेलही. पण आलं म्हणून काय करणार होता तो? आकडा बदलायचा तर फोन करायला पाहिजे होता, फोन केला असता तर सूनच बोलली असती, आणि सून बोलली असती तर त्याला ती दुपार आठवली असती.

ती दुपार मी तुम्हाला सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याला विचारू नका, तो मला दोनदाच बोललाय. पोरगा मारकुटा नव्हता. तिरक्या डोक्याचा होता. कशावरून बिनसेल सांगता यायचं नाही, आणि बिनसलं की आवाज न करता शिक्षा करायचा. एकदा सुनेला पोरीला शाळेतून घेऊन यायला उशीर झाला, का तर वाटेत मैत्रीण भेटली. पोरग्यानं दाराला आतून कडी घातली आणि येऊन टीव्हीपुढं बसला. बाहेर उन्हाळा, जिन्याचा पत्रा तापलेला. दोनबोटे आतल्या खोलीत पोरीचा लाकडी डबा घासत होता, क्लिपा ठेवायचा, नवा केलेला, पिवळा रंग त्याच दिवशी द्यायचा होता. दारावर थाप पडली. मग सुनेचा आवाज, हळू, शेजारी ऐकतील म्हणून हळू. पुन्हा थाप. पोरगा उठला नाही. मग खालून एक थाप आली. दाराच्या खालच्या भागावर, लहान, बोटं जुळवून मारलेली. वरची थाप, खालची थाप. सुताराचा कान तो, लाकूड कुठल्या उंचीवर वाजतंय ते त्याला न बघता कळतं. खालची थाप कुठून येतेय, ते त्याला इंचात कळत होतं. कडी त्याच्यापासून बारा पावलांवर होती. तो पॉलिश पेपर फिरवत राहिला. नवरा-बायकोचं आहे, आपण मधे पडू नये. आत्ता उठला की तो आणखी बिघडेल. आता उघडेलच तो. आणखी पाच मिनिटं. डब्याची कड इतकी घासली की एका बाजूनं पातळ झाली. मधे केव्हातरी वरची थाप थांबली आणि नुसती खालचीच येत राहिली, मजेत, गाण्याचा ताल धरल्यासारखी, कारण पोरीला वाटत होतं खेळ चाललाय. ती थाप त्याच्या डोक्यात अजून आहे. चांगल्या पाऊण तासानं पोरग्यानं कडी काढली. सून आत आली, कुणाकडं न बघता पोरीला पाणी दिलं, पोर धावत आली आणि म्हणाली, "आबा, तू आत होतास? मग तुला ऐकू नाही आलं?"

दुसऱ्या दिवशी सून घरातल्या त्याच्या कामाच्या बाकाशी आली. डोळ्याला पदर-बिदर नाही, रडणं नाही, सरळ उभी. "बाबा, तुम्ही त्याला एकदा बोला. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकायचा तो. तुम्ही बोललात तर राहीन मी." दोनबोटे डब्याला रंग देत होता. ब्रश न उचलता म्हणाला, "बघू." सून थोडा वेळ थांबली, पुढं काही येतंय का बघत. मग गेली. बोलायचं त्याच्या मनात होतं हो. रोज संध्याकाळी मनात होतं. वाक्यं जुळवायचा, फळ्या जुळवतो तशी, आणि पोरगा दारात दिसला की सगळी सुटी व्हायची. सहाव्या आठवड्यात सून पोरीला घेऊन गेली. डबा पोरीनं न्यायचा म्हणून हातात धरला होता, पण रिक्षात बसायच्या गडबडीत जिन्यात राहिला. दोनबोटेनं तो उचलून आणला. त्याची ती पातळ झालेली कड हाताला लागली की त्याला बघवायचं नाही. कपाट करायला घेतलं तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर तो डबा मोडला. त्याची मोठी बाजू नव्या फळीला खालून जोड म्हणून लावली, पिवळा भाग खाली, म्हणजे उभ्या माणसाला दिसणार नाही. क्लिपा फितीवर. झालं, डबा संपला, असं त्याला वाटलं.

आणि आता पोर आरशापासून बाजूला होऊन विचारत होती, "आणि पिवळा डबा?"

"हे काय, हे सगळं त्याच्यापेक्षा मोठं आहे," तो म्हणाला. "हे बघ, क्लिपा इथं. हे माळांचं. हे अंगठ्यांचं."

"हो. पण डबा?"

सून स्वयंपाकघरात चहाचे कप धूत होती. नको म्हणत असताना धूत होती. खांद्याला पर्स तशीच, काढून ठेवली नव्हती. ती म्हणाली, "अगं, आबांनी केवढं केलंय बघ. डब्याचं काय घेऊन बसलीस." ह्या घरात सून इतक्या मऊ आवाजात बोलली की दोनबोटेला भीती वाटायची. रागावली असती तर बरं झालं असतं. तो पोरीला म्हणाला, "आहे. इथंच आहे. शोध." का म्हणाला? खोटं बोलायला सुचलं नाही आणि खरं बोलायला धीर झाला नाही. पोरीनं खुंट्यांवरचे झगे बाजूला सारले, तिला ते सगळे आखूड होते हेही त्याला तेव्हा दिसलं, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरली. गुडघे पोटाशी घेऊन बसली. वर बघितलं. "आबा! पिवळं! इथं वर पिवळं आहे!" आणि खेळात रंगून तिनं दार आतून ओढून घेतलं.

दाराला बाहेरून लाकडाची फिरकी होती, खिळ्यावर सैल फिरणारी. खोकीवाला माणूस तो, खोकं आतून उघडायचं नसतं. दार आपटलं तशी फिरकी आपल्या वजनानं खाली पडली. टक.  आतून हसण्याचा आवाज. मग थाप.

दोनबोटे हलला नाही. थाप त्याच उंचीवरून आली होती. पोर वाढली होती पण बसलेली होती, म्हणून थाप तिथूनच आली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून चौकटीत येऊन उभी राहिली, त्या रेघेच्या शेजारी, ओले हात तसेच लोंबते. तिला कपाटाशी पोचायला चार पावलं होती, त्याला दोन. ती आली नाही. तिनं पोरीकडं, कपाटाकडं बघितलंच नाही, त्याच्याकडं बघत राहिली. दुसरी थाप. "आबा, उघडा ना." त्याचे पाय, तो म्हणतो, खिळे मारून वळवलेले असतात ना पलीकडून, तसे झाले होते. डोकं म्हणत होतं दोन पावलं आहेत, आणि पाय अजून त्या दुपारीच होते, पॉलिश पेपर हातात, आता कुणीतरी उघडेलच, आणखी पाच मिनिटं. टीव्हीचा आवाजसुद्धा ऐकू येत होता त्याला, घरात टीव्ही राहिला नव्हता तरी. तिसरी थाप, जोरात, आणि आतला आवाज बदललेला, हसू गेलेलं. "आबा! अंधार आहे! तू आहेस ना तिथं? तू उघड!"

तो गुडघ्यांवर पडला. बसला नाही, पडलाच. पुढ्यात दारावरचा आरसा, आणि आरशात, बरोब्बर मधोमध, एक म्हातारं तोंड, घामेजलेलं, चष्मा नाकावर घसरलेला. पोरीच्या मापाच्या आरशात त्याचंच डोकं तेवढं नीट मावत होतं. त्या तोंडाकडं बघत त्यानं चाचपडत फिरकी वर केली. दार उघडलं तसं ते तोंड बाजूला गेलं आणि आत पोर, मुकुट तिरका, डोळे भरलेले पण पाणी खाली पडलं नव्हतं. "किती वेळ लावलास," ती म्हणाली.  तिच्या डोक्यावरचा मुकुट त्यानं सरळ केला. तेवढा एक बरोबर बसला होता. डोकी फार वाढत नाहीत पोरांची, आणि दोन बोटं त्यानं जास्त ठेवली होती.

मागून सून म्हणाली, "उघडलंत, बाबा." नुसतं एवढंच. टोमणा नव्हता, शाबासकी पण नव्हती. कुणी कागदावर टीप करून ठेवतं, तसं. त्याला वाटलं, आता वळून तिला सगळं सांगावं. त्या दुपारी मी आत होतो, ऐकत होतो, बारा पावलं होती. पण ते तिला ठाऊकच होतं की, तिला काय सांगायचं? म्हणून तो म्हणाला, "आरसा वर घेतो. पाच मिनिटं लागतील." आणि हत्यारांची पेटी ओढली. आता ह्या गाढवानं आरशाची चौकट स्क्रूनं लावायची ना? खिळ्यांनी लावलेली, आणि खिळे आतून वळवून, ठोकून, वर कापड चिकटवलेलं. खोकं परत बदलायचं नसतं ना. पाच मिनिटांत एक खिळा सरळ झाला. दहा मिनिटांत दुसरा, आणि काचेला कोपऱ्यात केसाएवढा तडा गेला. सून म्हणाली, "राहू द्या, बाबा. गाडी चुकेल आमची." तो थांबला. पोर त्याच्या खांद्याशी उभी होती. "मला ते पिवळं देशील?" तिनं विचारलं. त्यानं पटाशी घातली आणि नवी फळी खालून उचकटली, हेअरबँडांची नळी, अंगठ्यांचा स्पंज, सगळं खाली घरंगळलं. महिनाभराचं काम दोन मिनिटांत. पिवळा तुकडा निघाला, तळहातापेक्षा थोडा मोठा, एक कड पातळ. पोरीनं तो नाकाला लावून वास घेतला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत घातला. मुकुट मात्र काढून खुंटीला अडकवला. "हा इथंच राहू दे. पुढच्या वेळी घालीन."

जिन्यापर्यंत तो गेला. पोर चार पायऱ्या पुढं उतरली, तेव्हा त्यानं सुनेला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं असेल त्यानं कुणाकडं. "पुन्हा आणशील तिला?"

सूनबाई पर्सचा पट्टा सारखा करत थांबली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तो शपथेवर सांगतो, तोंडावर राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं, थकलेलं. म्हणाली, "बघू, बाबा."

आणि उतरून गेली. तो कठड्याला धरून उभा राहिला. ह्या एका शब्दाला आतून किती माप असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. ज्याला तो मिळतो त्याला त्याच्यात राहावं लागतं. कितीही दिवस. खाली दाराशी पोरीनं वर बघितलं, आणि तिथं रस्त्यात, येणारी-जाणारी माणसं असताना, एकदा स्वतःभोवती फिरली. पिशवी फुलली. मग आईनं हात धरला.

दोन वर्षं झाली त्याला. बदलीच्या गावाहून पहिल्या वर्षी एक पत्र आलं, आत पोरीनं काढलेलं चित्र, मुकुटवालं कुणीतरी. पोर आहे की आजोबा आहेत ते कळत नाही, मलाही दाखवलं त्यानं. पुढं काही नाही. पण कपाट त्यानं मोडलं नाही. फळीची जागा तशीच मोकळी ठेवलीय, बाकीचं सगळं पुन्हा लावलं, आणि आरसा आता स्क्रूवर आहे. वर्षाला एकदा काढतो, वर सरकवतो, खुंट्याही वर घेतो, जुन्या भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस भरतो. दारावर आता भोकांची शिडी झालीय. फिरकीच्या जागी लोहचुंबक बसवलाय, आतून ढकललं की उघडतं. मी म्हणालो, अरे, फोन करून विचार ना सरळ, किती उंच झाली पोर. तर म्हणतो, उंची विचारली तर सुनेला वाटेल मी बोलावतोय. मग माप आणायचं कुठून? गेल्या वर्षी शिलाईवालीच्या पुतणीला उभी केली होती चौकटीला, पण ती मंडळी आता घर सोडून गेली. परवा डबा खाताना हा मला विचारतो, नऊ वर्षांची पोर केवढी असते रे? मला काय ठाऊक, मला पोर ना बाळ, मी खोक्यांवर बाण काढणारा. आणि आज तुमच्या आरशाला तो लाल हेअरबँड दिसला.

ऐका, क्रेन सुरू झाली, तुम्हाला आता जायला लागेल. काम एवढंच आहे. घरी पोचलात की पोरीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करा. टाचा टेकलेल्या पाहिजेत, नाहीतर पोरं चवड्यांवर उभी राहतात, आणि वेणी वर बांधलेली असेल तर सोडायला सांगा. डोक्यावर एखादं पुस्तक आडवं धरा, रेघ मारा, आणि रेघेखाली तारीख लिहा, तेवढी विसरू नका. तिनं विचारलं कुणासाठी, तर सांगा एका कपाटासाठी. आणि पुढच्या खेपेला याल तेव्हा तो आकडा एका कागदावर लिहून मला आणून द्या.